सांखवाळचे धर्मानंद कोसंबी



दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात आपल्या सकाळच्या प्रार्थनासभेत मी धर्मानंद कोसंबी यांच्याविषयी चार शब्द सांगत असते. ९ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस. अशाच एका सभेनंतर आठवीत शिकणारी एक मुलगी माझ्या कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत येऊ का, असे विचारून ती आली आणि तिने एकच प्रश्न केला. जो माणूस आपल्या बायकोला आणि तान्ह्या मुलीला घरी ठेवून निघून गेला, त्याला आपण थोर का म्हणायचे, असे तिला जाणून घ्यायचे होते.

तिचे वडील बोटीवर कामाला आहेत. वर्षातले आठ-नऊ महिने ते घरी नसतात. हे मला माहीत होते, म्हणून तो प्रश्न नुसता इतिहासाचा नाही हेही मला लगेच कळले. त्या वेळी मी तिला काहीतरी सांगून वर्गात पाठवले. पण खरे उत्तर मी दिले नाही, ही रुखरुख मनात राहिली. पार्शातल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी घरांतून कुणी बोटीवर, कुणी आखाती देशांत, कुणी मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेले आहे. म्हणून त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर आज सर्वांसाठी लिहीत आहे. त्यासाठी धर्मानंदांचे चरित्र पहिल्यापासून सांगावे लागेल.

माडांची राखण करणारा मुलगा

पार्शाहून निघालो आणि शापोरा, मांडवी, जुवारी अशा तीन नद्या ओलांडल्या, की जुवारीच्या पलीकडच्या काठाला सांखवाळ गाव लागते. तेथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंदांचा जन्म झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदी. भावंडांत ते सर्वांत धाकटे. प्रकृती लहानपणापासून नाजूक. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते आणि जुन्या काबिजादीत मराठी शिकायची नीट सोय नव्हती. त्यामुळे शाळा अशी त्यांना जेमतेमच मिळाली. इंग्रजीची तर ओळखही नव्हती. घरच्या माडांच्या बागेकडे पाहायचे, नारळांचा हिशेब ठेवायचा, हेच त्यांचे काम ठरून गेले.

१८९१ मध्ये, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचे असताना, त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. त्या काळी हे अगदी रीतीप्रमाणेच होते. पण या मुलाचे मन ना बागेत रमत होते ना घरात. हाती लागेल ते मराठी पुस्तक तो वाचून काढी. तुकाराम महाराजांच्या अभंगांनी त्याला धीर दिला. शिकायचे आहे, पण कुठे, कुणाकडे, कशाच्या बळावर, हे काहीच कळत नव्हते. दोन-तीनदा ते घर सोडून गेले आणि परतही आले. गावातल्या लोकांनी त्यांना काय म्हटले असेल याची कल्पना आपल्याला सहज करता येईल.

मुलांच्या मासिकातला एक लेख

त्या काळी मुंबईहून ‘बालबोध’ नावाचे मुलांसाठीचे मासिक निघत असे. विनायक कोंडदेव ओक हे त्याचे संपादक. या मासिकातला गौतम बुद्धांच्या चरित्रावरचा एक लेख धर्मानंदांच्या वाचनात आला. तेव्हा ते विशीत होते. त्या लेखाने त्यांचे आयुष्य बदलले. बुद्धांविषयी आणखी जाणून घ्यायचे, त्यांचा धर्म मुळातून शिकायचा, त्याशिवाय जगण्याला अर्थ नाही, असे त्यांच्या मनाने घेतले.

विद्यार्थ्यांनो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. ना गुरू, ना ग्रंथालय, ना महाविद्यालय. मुलांच्या मासिकातली चार पाने गोव्यातल्या एका खेड्यापर्यंत पोहोचली, आणि माडांची राखण करणाऱ्या तरुणाला पुढे त्यांनी जगभर फिरवले. आपल्या वाचनालयातल्या कुठल्या पुस्तकाचे कुठले पान कुणाच्या हाती केव्हा लागेल, हे आम्हा शिक्षकांनाही सांगता येत नाही.

पण बौद्ध धर्म शिकायचा तर तो भारतात शिकवणारे तेव्हा जवळजवळ कुणीच नव्हते. मूळ ग्रंथ पाली भाषेत. पाली शिकायची तर आधी संस्कृत यायला हवे. संस्कृत शिकायचे तर घर सोडायला हवे. वडील वारले. १८९९ मध्ये बाळाबाईंना मुलगी झाली, तिचे नाव माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, मुलगी तान्ही असतानाच, धर्मानंदांनी गोवा सोडला.

आठवीतल्या मुलीचा प्रश्न इथलाच आहे. पुढे लिहिलेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात धर्मानंदांनी ही गोष्ट झाकून ठेवलेली नाही, तेव्हा आपणही ती झाकायला नको. बाळाबाईंना कुणी काही विचारले नसणार. तेव्हा बायकांना विचारायची पद्धतच नव्हती.

सात वर्षांची पायपीट

प्रथम ते पुण्याला गेले. तेथे प्रसिद्ध संस्कृत पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली आणि प्रार्थना समाजात आसरा मिळाला. पुण्याहून इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर असे मजल दरमजल करीत ते काशीला पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्र्यांच्या पायाशी बसून संस्कृत शिकावे, अशी त्यांनी दोन वर्षे काढली. थंडीला पुरेसे पांघरूण नाही, खिशात पैसा नाही, घरापासून शेकडो कोस दूर. पण संस्कृत पक्के झाले.

१९०२ च्या सुरुवातीस ते नेपाळकडे निघाले. बुद्ध जन्मले त्या भागात बौद्ध धर्म जिवंत सापडेल अशी त्यांना आशा होती. डोंगर चढून काठमांडूला पोहोचले, पण तेथे पाहिले त्याने त्यांचे समाधान झाले नाही. निराश होऊन ते बुद्धगयेला आले. पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला हवे, असे तेथे कळले. मग कोलकाता आणि तेथून कोलंबो. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. भाषा, अन्न, हवा सारेच परके होते, तब्येत साथ देत नव्हती. तरी ते शिकत राहिले. पुढे ते मद्रासला आले, ब्रह्मदेशात गेले, तेथे भिक्षू झाले. भारतात परतून बुद्धांच्या आयुष्याशी जोडलेली स्थळे पायी हिंडून पाहिली. भिक्षेवर जगावे, झाडाखाली किंवा धर्मशाळेत झोपावे, असा तो प्रवास होता. आज गाडीत बसून नकाशा पाहत जाणाऱ्या आपल्याला त्याची कल्पना येणे कठीण आहे.

येथे एक आठवण सांगते. माझे बालपण आणि शिक्षण ग्वाल्हेरला, हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी बोलत असू, पण पुस्तके सारी हिंदी. महाविद्यालयाच्या वाचनालयात ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकाचा हिंदी अनुवाद माझ्या हाती आला. लेखकाचे नाव वाचले, पण ते मराठी आहेत, गोव्याचे आहेत, आणि पंचविशीही पुरी झालेली नसताना आमच्याच शहरातून काशीकडे गेले होते, यातले काहीच मला ठाऊक नव्हते. नोकरीनिमित्त गोव्यात आल्यावर, मराठी नीट लिहायला शिकत असताना, मी ‘निवेदन’ वाचले आणि मग सगळा उलगडा झाला. म्हणून या माणसाविषयी मला थोडी अधिक आपुलकी वाटते, हे कबूल करते.

भिक्षूचा पुन्हा गृहस्थ

१९०६ मध्ये ते कोलकात्याला आले. पाली जाणणारा माणूस तेव्हा भारतात दुर्मीळ होता. तेथील विद्वानांनी त्यांना थांबवून घेतले. नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. त्यासाठी त्यांनी भिक्षूची वस्त्रे उतरवली. त्याच वर्षी ते गोव्यात घरी आले आणि जवळजवळ सात वर्षांनी पत्नीला आणि मुलीला भेटले. तान्ही सोडून गेलेली माणिक आता धावतपळत होती. वडील म्हणून समोर उभा असलेला माणूस तिला अनोळखीच वाटला असेल.

संन्यासी झालेला माणूस सहसा घरी परतत नाही. परतला तर लोक त्याला हसतात. आळंदीच्या विठ्ठलपंतांना आणि त्यांच्या मुलांना काय भोगावे लागले हे आपण ज्ञानेश्वरांच्या चरित्रात वाचतोच. धर्मानंदांनी लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही. विद्या मिळाली, आता ती द्यायची आणि घरही सांभाळायचे, असा मार्ग त्यांनी धरला. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांना मुलगा झाला. आजोबांचे दामोदर हेच नाव त्याला ठेवले. घरात त्याला बाबा म्हणत. पुढे मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या.

कोलकात्यात पगार चांगला होता. परंतु आपण शिकलेली विद्या आपल्या भाषेच्या लोकांपर्यंत न्यावी, अशी त्यांची तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी तीन वर्षे दरमहा पन्नास रुपये देऊ केले. कोलकात्याचा पगार याच्या कितीतरी पट होता. तरी त्यांनी पन्नास रुपये स्वीकारले आणि ते परत आले. त्यानंतर मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली भाषा आली, त्यात त्यांची खटपट आणि डॉ. भांडारकरांचे वजन दोन्ही कामी आले.

पदवी नसलेला प्राध्यापक

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन अर्धवट पडले होते. पाचव्या शतकात बुद्धघोष आचार्यांनी श्रीलंकेत रचलेला हा ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा यांचा मार्ग त्यात सांगितला आहे. हेन्री क्लार्क वॉरन हे अमेरिकन विद्वान त्यावर काम करीत असतानाच १८९९ मध्ये वारले. म्हणजे ज्या वर्षी धर्मानंदांनी पाली शिकण्यासाठी घर सोडले, त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हे काम पोरके झाले होते. ते पुरे करण्यासाठी १९१० मध्ये धर्मानंदांना हार्वर्डला बोलावण्यात आले.

शाळा जेमतेम झालेला, कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसलेला गोमंतकीय माणूस जगातल्या एका नामांकित विद्यापीठात विद्वानांच्या बरोबरीने बसून हस्तलिखिते तपासू लागला. तेथील प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावर त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ मध्ये ते परत आले. पण काम त्यांनी सोडले नाही. त्यासाठी ते आणखी तीनदा अमेरिकेला गेले आणि १९३२ पर्यंत ते पुरे केले. ग्रंथ छापून बाहेर आला तो १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. परीक्षेचा निकाल आठ दिवस लांबला तर आपण किती अस्वस्थ होतो, हे येथे आठवावे.

१९१२ ते १९१८ ही वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवण्यात घालवली. त्यांच्या हाताखाली चिं. वै. राजवाडे, पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तयार झाले. या काळात कुटुंबाचे बिऱ्हाड पुण्यात होते. दामोदर तेथेच शाळेत जाऊ लागला. आतापर्यंतच्या त्यांच्या संसारात एका ठिकाणी सलग काढलेला सर्वांत मोठा काळ बहुधा हाच.

माणिक अमेरिकेला जाते

१९१८ मध्ये हार्वर्डचे दुसरे बोलावणे आले. या वेळी धर्मानंद एकटे गेले नाहीत. त्यांनी माणिक आणि दामोदर या दोघांना बरोबर घेतले. दामोदर अकरा वर्षांचा, माणिक अठरा-एकोणीस वर्षांची. आपल्या समाजात तेव्हा या वयाच्या मुलीचे लग्न होऊन ती दोन मुलांची आई झालेली असे. मुलींच्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. समुद्र ओलांडणे अजून पुष्कळांना पाप वाटत होते. अशा वेळी एका गोमंतकीय बापाने आपल्या मुलीला अमेरिकेत नेऊन महाविद्यालयीन शिक्षण दिले.

मुलींनो, ही तीच माणिक, जिला तान्ही असताना ते मागे ठेवून गेले होते.

दामोदर केंब्रिज गावातल्या शाळेत शिकला, बालवीरांच्या पथकात फिरला. मधली काही वर्षे तो भारतात वडिलांजवळ राहिला आणि १९२६ मध्ये पुन्हा त्यांच्याबरोबरच अमेरिकेला गेला. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन तो परतला. हेच पुढे थोर गणिती आणि इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झालेले दामोदर धर्मानंद कोसंबी. जुनी नाणी तोलून इतिहासाचा अभ्यास, गावोगाव पायी हिंडून दगडांचे आणि देवस्थानांचे निरीक्षण, अशी त्यांची पद्धत होती. पायी हिंडण्याची सवय मुलाला कुठून आली, हे वेगळे सांगायला नको. १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या मीरा कोसंबी याही नामवंत समाजशास्त्रज्ञ होत्या. आजोबांच्या निवडक लेखनाचे इंग्रजी पुस्तक त्यांनी २०१० मध्ये तयार केले. २०१५ मध्ये त्याही गेल्या. गोव्यातल्या एका घरातल्या तीन पिढ्यांची ही विद्येची परंपरा आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९१८ मध्ये दोन मुले अमेरिकेला गेली, तेव्हा बाळाबाई धाकट्या मुलींना घेऊन मागे राहिल्या. म्हणजे पुन्हा चार वर्षे पत्राची वाट पाहणे आले. धर्मानंदांच्या नावावर पुस्तके आहेत, बाळाबाईंच्या नावावर काही नाही. पण आजारपणे काढणारे, मुलांना वाढवणारे घरात कुणीतरी होते, म्हणूनच दारातून बाहेर पडलेला माणूस एवढे काम करू शकला.

शिरोड्याचे मीठ

१९२२ मध्ये परत आल्यावर ते महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. पुढे १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राडलाही जाऊन आले. गोरगरिबांना समान वाटा मिळाला पाहिजे, हा विचार त्यांना पटत होता. मात्र तो अहिंसेनेच यावा, असे त्यांचे मत होते.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या पेडणे तालुक्याच्या सीमेपलीकडे, तेरेखोलच्या खाडीच्या त्या अंगाला, शिरोडे गावच्या मिठागरांत त्या वर्षी मोठा सत्याग्रह झाला. आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातेवाईक शिरोड्याला, आरोंद्याला आहेत. त्या मिठागरांवरून आपण अनेकदा गेलो असू. अनेक वेळा समुद्र ओलांडून आलेला हा त्रेपन्न वर्षांचा पंडित त्या सत्याग्रहात सामील झाला होता. पुढे मुंबईजवळ विलेपार्ले येथील सत्याग्रहींच्या छावणीचे काम त्यांनी पाहिले आणि त्यापायी तुरुंगवासही भोगला.

१९३७ मध्ये त्यांनी मुंबईत परळला कामगारांच्या वस्तीत ‘बहुजन विहार’ सुरू केला. ज्यांना देवळाच्या दारातही उभे राहू दिले जात नव्हते, अशांमध्ये जाऊन ते राहिले. मिळवलेली विद्या विद्यापीठाच्या भिंतींत ठेवायची नाही, हा त्यांचा बाणा अखेरपर्यंत टिकला.

बुद्धांनी घर का सोडले?

उतारवयात त्यांनी ‘भगवान बुद्ध’ हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. पुढे साहित्य अकादमीमार्फत तो अनेक भारतीय भाषांत गेला. आपण सर्वांनी लहानपणी वाचलेली गोष्ट अशी, की सिद्धार्थ राजपुत्राने म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहिले आणि तो रात्री झोपलेल्या बायको-मुलाला सोडून निघून गेला. धर्मानंदांनी मूळ पाली ग्रंथ तपासून ही गोष्ट जशीच्या तशी मानायला नकार दिला. त्यांच्या मते शाक्य आणि कोलीय या शेजारच्या लोकांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. आपल्याच नातलगांवर शस्त्र उचलायचे नाही, हे घर सोडण्यामागचे मोठे कारण होते. यावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ नावाचे नाटकही लिहिले. सगळे विद्वान हे मत मान्य करतात असे नाही.

परंतु मला त्यात दुसरेच काही दिसते. ज्याने स्वतः तान्ह्या मुलीला सोडून उंबरठा ओलांडला होता, तो माणूस म्हातारपणापर्यंत बुद्धांनी घर का सोडले याचा शोध घेत होता. रात्री चोरपावलांनी निघून जाणे त्याच्या मनाला पटत नव्हते. जाणाऱ्याकडे घरातल्या माणसांसमोर उभे राहून सांगता येईल असे कारण असले पाहिजे, असे त्याला वाटत असावे. हा माझा तर्क आहे, तो तसाच समजावा.

अखेर

शेवटच्या वर्षांत त्यांना आजारांनी घेरले. शरीर थकले, इतरांची सेवा घेणे त्यांना नकोसे झाले. जैन परंपरेतल्या सल्लेखनेचा विचार त्यांना पटला होता. अन्न सोडून देह ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न गांधीजींनी आग्रहाने थांबवला. शेवटी सेवाग्राम येथे ४ जून १९४७ रोजी त्यांनी शांतपणे देह ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांच्याविषयी आदराने सांगितले. स्वातंत्र्य अवघ्या दहा आठवड्यांवर आले होते. गोव्याला तर अजून चौदा वर्षे वाट पाहायची होती. ही अखेर एका वृद्ध तपस्व्याची आहे. आपण घ्यायचे ते त्यांच्या जगण्यातून, हे लहान मुलांना वेगळे सांगायला हवे.

त्या मुलीला उत्तर

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येते.

बाळा, घर सोडले म्हणून धर्मानंद थोर नाहीत. घर सोडून जाणारे पुष्कळ असतात. आणि १८९९ मध्ये जे झाले त्यात बाळाबाईंवर अन्याय झाला, हे तुझे म्हणणे खरे आहे. मी ते खोडून काढणार नाही. पुढे कितीही विद्वत्ता मिळाली तरी ती सात वर्षे बाळाबाईंना आणि माणिकला परत मिळाली नाहीत.

ते थोर वाटतात ते परत आल्यामुळे. मान मिळवून देणारी भिक्षूची वस्त्रे उतरवून ते घरी आले. मोठा पगार सोडून आपल्या भाषेकडे आले. आणि दुसऱ्यांदा अमेरिकेला जायची वेळ आली, तेव्हा ज्या मुलीला मागे ठेवले होते तिचा हात धरून निघाले. जे स्वतःला मिळाले नाही ते शिक्षण मुलाला दिले आणि मुलीलाही दिले. माणसाच्या हातून चूक होते. ती उमगल्यावर तो पुढच्या वेळी काय करतो, यावर त्याची पारख करावी.

पालकहो, आपल्यापैकी जे दूर राहून घर चालवतात त्यांचे कष्ट ही शाळा जाणते. फीचे पैसे वेळेवर येतात, ते कुणाच्या घामाचे आहेत हे आम्हांला कळते. एकच विनंती आहे. आपण जिथे आहात तिथले काही मुलांपर्यंत येऊ द्या. ते बंदर कसे आहे, तिथली माणसे काय खातात, कोणती भाषा बोलतात, हे फोनवर सांगा, जमल्यास पत्रातून लिहा. नुसते गुण विचारून फोन ठेवू नका. धर्मानंदांनी मुलांना बरोबर नेले. प्रत्येकाला ते शक्य नसते, पण आपला प्रवास मुलांना सांगणे प्रत्येकाला शक्य आहे.

समितीच्या सदस्यांनाही एक विनंती आहे. वाचनालयासाठी दरवर्षी जी रक्कम ठेवली जाते, तिच्यातून मुलांच्या मराठी मासिकांची वर्गणी नियमित भरली जावी. ‘बालबोध’चा एक अंक सांखवाळला पोहोचला नसता, तर ही गोष्ट सांगायला मी आज बसलेच नसते.

विद्यार्थ्यांनो, २०२६ हे धर्मानंदांच्या जन्माचे दीडशेवे वर्ष. त्यानिमित्त प्रत्येकाने दोन पाने लिहून आपल्या वर्गशिक्षकांकडे द्यायची आहेत. पहिल्या पानावर आपल्या घरातून शिक्षणासाठी किंवा कामासाठी दूर गेलेल्या माणसाविषयी लिहा. दुसऱ्या पानावर, तो गेल्यावर घर कुणी सांभाळले, त्या आईविषयी, आजीविषयी, काकाविषयी लिहा. माहिती पुस्तकातून उतरवू नका, त्यांच्याजवळ बसून विचारा. निवडक लेख आपल्या पुढच्या अंकात छापू. मात्र दोन्ही पाने आली तरच लेख स्वीकारला जाईल, एकट्या पहिल्या पानाचा विचार होणार नाही.

आणि आठवीतल्या त्या विद्यार्थिनीने पुन्हा एकदा कार्यालयात यावे. माझ्याजवळची ‘निवेदन’ची प्रत मी तिच्यासाठी काढून ठेवली आहे. वाचून झाल्यावर तिचे मत बदलले नाही तरी चालेल, पण ते मला येऊन सांगावे.

— प्राचार्या